सतरा नंबर

फोंड्याच्या रक्तपेढीत, जिन्याखालच्या खोलीत
बुटांच्या खोक्याएवढं ते यंत्र.
दर पाच सेकंदांनी फ्रिजांचं तापमान डिस्कवर लिहायचं,
एवढंच काम.
आणि आठवड्यातून एखाद्या रात्री
ते लिहायचं थांबायचं.

फिलू फोन करायची, पहाटे तीनला, शांतपणे:
‘तें परत न्हिदलां गो.’
मी तिस्कावरून स्कूटर काढायची,
बटण दाबून त्याला उठवायची.
लॉगमध्ये एकच शब्द: टाइमआउट.
म्हणजे वाट पाहिली, कंटाळलो.
कोणाची, कुठे, कधीपासून,
हे विचारायची सोय मीच ठेवली नव्हती.
ड्रायव्हर माझाच, चार वर्षांपूर्वीचा.
तेव्हा मला सगळं पाठ होतं.

मग खुणा पेरायला बसले.
मागणी रांगेत शिरली: एक खूण.
डिस्ककडे निघाली: एक.
इंटरप्ट वाजला, उत्तर आलं, हिशेब मिटला,
प्रत्येक वळणावर एक ऐसपैस वाक्य,
पहाटे तीनलाही वाचता येईल असं.

बारा रात्री काहीच झालं नाही.
बाराही रात्री यंत्र शहाण्यासारखं लिहीत राहिलं.
चूक ज्या फटीतून शिरायची
ती फट माझ्या बडबडीने भरून गेली होती.

वाक्यं काढली. शब्द काढले.
उरले चार आकडे: वेळ, नंबर, कुठे, काय.
तेही डिस्कवर नाहीत
(आजाऱ्यालाच त्याची नाडी कशी धरायला सांगू?),
मेमरीतल्या एका गोल पाटीवर.
चार हजार शहाण्णव घरं,
भरली की पहिल्यापासून पुसत पुढे.
फक्त, तो थांबला की तूही थांब. पुसू नकोस.

सोळाव्या रात्री फोन आला.
मला इतका आनंद झाला की फिलू म्हणाली,
‘पिशी जाल्या तूं.’

आकडे उतरवून घेतले. बोट ठेवून वाचले.

सतरा गेला.
सतरा रद्द.
सतरा गेला.
सतरा आला.
सतरा आला.

पाचवी ओळ तीनदा वाचली.
जुन्या सतराची आशा सोडून
त्याचा नंबर मी लगेच दुसऱ्याला दिला होता.
जुना बुडाला नव्हता, रेंगाळला होता.
उशिरा आला आणि नव्याच्या नावावर
सही ठोकून गेला.
खरा आला तेव्हा त्याची नोंदच नव्हती.
तो एकदा जास्त आला म्हणून मोजणी चुकली,
मोजणी चुकली म्हणून मागची सगळी रांग
उभीच राहिली.

पण रेंगाळला का? तेही रात्रीच?
ते माझ्या चार हजार शहाण्णव घरांत नव्हतं.
ते फिलूच्या वहीत होतं.
यंत्र झोपलं की ती थर्मामीटर बघून हाताने लिहायची,
निळ्या बॉलपेनने, दर पाच मिनिटांनी,
आणि कडेला, कोणी विचारलं नसताना:
‘व्हडलो फ्रिज कडकडलो. दिवो मंद जालो.’
प्रत्येक बंद पडलेल्या रात्री तेच वाक्य,
थांबण्याच्या मिनिटभर आधीचं.
कॉम्प्रेसर सुरू होताना वीज वाकत होती
आणि डिस्कला दोन श्वासांची उचकी लागत होती.

दुरुस्ती अकरा ओळींची.
नंबराला एक लहानसा आकडा जोडला:
हा कितव्यांदाचा सतरा.
खुणा काढल्या नाहीत. मिटून ठेवल्यात,
एका बटणावर उघडतील.
इलेक्ट्रिशियनला निरोप दिलाय, तो सोमवारी म्हणतोय.

निघताना दारातून पाहिलं.
यंत्राचा हिरवा दिवा पाच-पाच सेकंदांनी लुकलुकत होता.
फिलूने घड्याळ पाहिलं, काचेतून पारा पाहिला,
पट्टीने रेघ मारली,
लिहिलं: ५.४०, चार पूर्णांक शून्य.
बाहेर कदंबची पहिली बस
दोनदा गुरगुरून बंद पडली,
मग सुरू झाली.
फिलूने तेही लिहिलं असावं.